गळ्यातली जाखीण

जांबच्या गोष्टीतला मुलगा सगळ्यांना ठाऊक आहे. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाईंचा धाकटा नारायण, जन्म १६०८ च्या रामनवमीचा. बारा वर्षांचा झाल्यावर त्याला बोहल्यावर उभं केलं, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि हा खरोखरच सावध होऊन मांडवातून पळाला. पुढे तो समर्थ रामदास झाला आणि जांबचं जांब समर्थ झालं. घनसावंगी तालुक्यातल्या या गावी रामनवमीला माणसं चैत्राचं ऊन डोक्यावर घेऊन रांगेत उभी राहतात. कीर्तनकार पलायनाच्या प्रसंगाशी आले की मांडवात हसू उसळतं. गोष्ट सांगायची रीतही ठरून गेलेली आहे: खांद्यावरच्या उपरण्याचा अंतरपाट करायचा, भटजींचा सूर जरा जास्तच लांबवायचा, उपरणं झटकन खाली घ्यायचं आणि टाळकऱ्यांकडे बघायचं.

मला त्या उपरण्याच्या पलीकडची मुलगी दिसत राहते. लग्न आसनगावला होतं म्हणतात. तेव्हाच्या चालीप्रमाणे ती आठ-नऊ वर्षांची असेल. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात हार. अंतरपाट खाली आला तर समोरचा पाट रिकामा. तिचं नाव मी कुठल्याही कीर्तनात ऐकलेलं नाही. गोष्ट लगेच मुलाच्या मागे गोदाकाठाने नाशिकची वाट धरते, टाकळीला पोचते, बारा वर्षांच्या तपाला लागते. इकडे आसनगावात पंक्तीसाठी शिजवून ठेवलेल्या अन्नाचं काय झालं, त्या पोरीच्या अंगावरची हळद कोणी धुतली, धुताना तिला काय सांगितलं, हे विचारायला कीर्तनाला सवड नसते. एकदा एका बुवांना मी आरतीनंतर हळूच विचारलं. ते म्हणाले, ‘बाई, ती निमित्तमात्र.’ आणि प्रसादाचा द्रोण पुढे केला.

तिचा काळ मात्र साधासुधा नव्हता. लग्न मोडलं ते १६२० च्या सुमारास, म्हणजे मलिक अंबरच्या निजामशाहीत. ती सतरा-अठराची झाली तेव्हा, १६२९ मध्ये, सिंदखेडच्या लखुजी जाधवांना दौलताबादेत दगा देऊन मारलं. सिंदखेड इथून लांब नाही. ती बातमी या भागातल्या प्रत्येक ओसरीवर पोचली असणार. पाठोपाठ १६३० ते ३२ चा दुष्काळ, ज्याने देहूत तुकोबांची पहिली बायको आणि मूल नेलं. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं. ऐतिहासिक कादंबरीला एवढा ऐवज पुष्कळ झाला. त्यात भुतंखेतं हवी असतील तर तीही याच गावात हजर आहेत.

चोवीस वर्षांनी नारायण जांबला परत आला. दारात गोसावी उभा आहे असं राणूबाईंना वाटलं. रडून रडून त्यांची दृष्टी गेली होती. मुलाने डोळ्यांवरून हात फिरवला आणि त्यांना दिसू लागलं, अशी कथा आहे. यानंतर त्या माउलीने काय विचारावं? ‘कुठल्या भुताला वश करून आलास रे?’ मुलगा पदातून उत्तर देतो, की हो, भूतच लागलंय मला, आणि त्या भुताचं नाव राम. कीर्तनात हे पद रंगतं. मला आईचा प्रश्न जास्त आवडतो. चोवीस वर्षांनी मुलगा भेटल्यावरही जिला आधी चेटूक आठवतं, त्या बाईला जगाचा चांगला अनुभव होता.

समर्थांच्या चरित्रात मेलेली माणसं परत येण्याचे प्रसंगही आहेत. टाकळीला सती जायला निघालेली एक बाई वाटेत नमस्कार करते, ते तिला अष्टपुत्रा सौभाग्यवतीचा आशीर्वाद देऊन बसतात आणि तिरडीवरचा नवरा उठतो. मिरजेची वेणाबाई ही बालविधवा. तिच्यावर आळ आला म्हणून घरच्यांनीच तिला विष दिलं आणि ती त्यातून उठली, असं सांगतात. विष पचवून उठलेली ही बाई पुढे उभं राहून कीर्तन करू लागली, मिरजेचा मठ तिने सांभाळला आणि ‘सीतास्वयंवर’ लिहिलं. विधवेने लग्नाचं काव्य लिहिलं, हे मला विषाच्या चमत्काराहून मोठं वाटतं. सज्जनगडावर तिची समाधी आहे.

आणि मारुती. दिवेलागणीला भीमरूपी म्हटलं की भुताप्रेतांपासून समंधापर्यंत सगळे पळतात, अशी हमी त्या स्तोत्राच्या शेवटी समर्थांनीच देऊन ठेवली आहे. युरोपात ज्या कामाला लसूण आणि क्रूस लागे त्याला आमच्याकडे घोटून पाठ केलेलं एक स्तोत्र पुरतं. म्हणून नारायण धारपांनी मराठीत भुतांशी झुंजणारा नायक उभा केला तेव्हा त्याचं नाव ‘समर्थ’ ठेवलं, यात मला नवल वाटलं नाही. नवल एवढंच की ‘समर्था’ अशी कोणी पोरगी काही त्यांना सुचली नाही.

हा विचार माझा नव्हे, भाचीचा. ती फोनवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. त्यांतली नायिका बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची असते, वय एकोणीस-वीस. झग्याच्या अस्तरात लाकडी खुंटी लपवलेली, दिवसा नाचाच्या मेजवान्या, रात्री रक्तपिपासू प्रेतांची शिकार. तिसऱ्या प्रकरणात ज्याच्या छातीत खुंटी ठोकायची त्याच्याच प्रेमात ती पडते. भाचीला त्यातला फोलपणा कळतो, तरी ती वाचते. आम्ही जांबहून परतत होतो, कालव्याच्या कडेने गाडी चालली होती आणि दोन्ही बाजूंना ऊस आणि मोसंबीच्या बागा होत्या. तिने विचारलं, ‘मावशी, आपल्याकडे असं काहीच नाही का गं?’

असं कसं नाही? याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. सातवाहनांच्या या राजधानीत गुणाढ्याने पैजेपायी संस्कृत सोडली, रानात जाऊन पिशाचांची भाषा शिकला आणि सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने भाषा पाहिली, रक्त पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग गुणाढ्य डोंगरावर जाळ करून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकू लागला. राजाला चूक कळून तो धावत येईपर्यंत एक लाख श्लोक उरले होते. या उरलेल्यांच्या परंपरेतून काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ केला. त्यात वेताळ तर आहेच, शिवाय अशोकदत्तही आहे. मसणात सुळावर चढवलेल्या माणसाखाली एक बाई रडत उभी असते. ‘नवऱ्याला शेवटचं बघू दे’ म्हणून ती अशोकदत्ताच्या पाठीवर चढते, आणि त्याच्या अंगावर रक्ताचे थेंब पडू लागतात. वर बघतो तर ती प्रेताचे लचके तोडतेय. तो तिचा पाय धरतो, ती उडून जाते, हातात फक्त पैंजण उरतं. पुढे त्या पैंजणाचा जोड शोधत तो पुन्हा मसणात येतो आणि त्या राक्षसिणीच्या मुलीशी, विद्युत्प्रभेशी, त्याचं लग्न होतं. लंडनच्या लेखिकांनी हे वाचलं असतं तर तिसऱ्या प्रकरणापर्यंत थांबल्या नसत्या.

‘पण यात पोरगी शिकार करत नाही,’ भाची म्हणाली. मी तिला अंबाजोगाई दाखवली. तिथली योगेश्वरी कुमारिका, आणि तिने मारलेल्या राक्षसाचं नाव दंतासुर. दातांचा असुर! भाची खूश झाली. वर त्यात प्रेमकथाही आहे. योगेश्वरी कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड घाट चढून इथवर आलं आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले आणि देवी माहेरी न जाता, सासरी न जाता अंबाजोगाईतच राहिली. म्हणून कोकणातल्या चित्पावनांची कुलस्वामिनी घाटावर इतक्या आत येऊन बसली आहे. परळी तिथून हाकेच्या अंतरावर, पण लग्न व्हायचं राहिलं ते राहिलंच.

मांडवात थांबलेली लग्नं मराठवाड्यात अशी दोन प्रसिद्ध. एकातली नवरी देवी होती, तिला राहायला देऊळ मिळालं. दुसऱ्यातला नवरा संत झाला, त्यालाही देऊळ मिळालं. आसनगावची पोर देवी नव्हती आणि संतही नव्हती. मला कादंबरी हवी आहे ती तिची.

तसं पाहिलं तर युरोपातल्या गोष्टीही साध्या पोरींना फार काही देत नाहीत. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ चा. त्यात लूसीच्या छातीत खुंटी ठोकतो तो तिचाच नियोजित वर. मीना मात्र हुशार. सगळ्यांच्या रोजनिशा, पत्रं, तारा टाइपरायटरवर उतरवून, तारखांवार लावून ड्रॅक्युलाचा माग काढायची वाट तीच तयार करते. मग पुरुषमंडळी ठरवतात, की हे काम बाईमाणसाचं नव्हे, तू झोप. तिला झोपवून सगळे शिकारीला जातात आणि नेमका तेव्हाच ड्रॅक्युला तिच्या खोलीत येतो. हा भाग मी भाचीला दोनदा वाचायला लावला.

खऱ्या इतिहासात व्हॅम्पायर संपवणारी एकच बाई मला माहीत आहे, आणि तिच्या हातात खुंटी नव्हती. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सर्बियाच्या सरहद्दीवर अठराव्या शतकात व्हॅम्पायरची साथ उठली. १७३२ च्या जानेवारीत लष्कराच्या शल्यवैद्यांनी मेद्वेजा नावाच्या गावातली थडगी उकरून, प्रेतं तपासून, कोण कुजलं आणि कोणाच्या अंगात ताजं रक्त मिळालं याचा रीतसर अहवाल लिहिला. युरोपभर त्याची चर्चा झाली. पुढे सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटन याला याचा छडा लावायला सांगितलं आणि १७५५ मध्ये प्रेतं उकरणं, खुंट्या ठोकणं, जाळणं सगळं हुकमाने बंद केलं. सोळा मुलांची आई होती ती. मेलेल्यांच्या मागे लागलेल्या जिवंत माणसांना आवरलं, की भुतं पुष्कळशी आपोआप आवरतात, हे तिने ओळखलं असावं. आमच्याकडे तसा जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ उजाडलं. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, तेव्हा कुठे वटहुकूम निघाला.

शिकारीच्या गोष्टींबद्दल माझं मन पूर्ण साफ नाही ते यासाठीच. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारतात तेव्हा मारणाऱ्याला आपण शूर शिकारीच वाटत असतो. आणि डाकीण बहुतेक वेळा जमिनीचा तुकडा नावावर असलेली एखादी विधवा निघते.

आपल्याकडची बाईची भुतं नीट बघितली तर एक गोष्ट ध्यानात येते. नवरा जिवंत असताना मेली ती जाखीण. विधवा होऊन मेली ती लावसट. बाळंतपणात मेली ती अळवंतीण. मेल्यावरसुद्धा बाईची जात नवऱ्यावरून ठरते. पुरुषांची भुतं पुरलेल्या धनावर बसतात, पिंपळावर राहतात, वाटसरूंना चकवतात. अळवंतिणीला मात्र रक्त हवं असतं, आणि तेही बाळंतिणीचं.

याच्या नोंदी इंग्रजी अमलातच झाल्या. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून टिपणं जमवली होती. त्यांवरून एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक केलं. जॅक्सन ते पाहायला नव्हता. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या थिएटरात अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. त्या रात्री नाटक होतं ‘शारदा’: म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधली जाणारी पोर. जाखिणी-अळवंतिणींची टिपणं गोळा करणारा माणूस नेमका या नाटकाला येऊन मरतो, हे कादंबरीत घातलं तर संपादक म्हणेल, बाई, जरा ओढूनताणून वाटतंय.

अळवंतिणीचा बंदोबस्त असा करत. बाळंतपणात गेलेल्या बाईला नेताना वाटेवर राळे टाकायचे आणि घराच्या उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकायचा. पूर्व युरोपातही थडग्याभोवती खसखस नाहीतर बाजरीसारखं धान्य पसरत. प्रेत दाणे मोजत बसेल आणि मोजता मोजता उजाडेल, ही समजूत. दोन मुलुख एकमेकांना ओळखत नव्हते आणि दोघांना बारीक दाणेच सुचले.

ते दाणे टाकणारा कोण असायचा? नवरा, दीर, सासरा. काल-परवा ज्या खोलीत ती रक्त वाहून मेली त्याच खोलीच्या उंबऱ्यात खिळा ठोकणारा कोण? तेच. दाई उशिरा बोलावली, तिसऱ्या महिन्यापासून अंगाला लागेल असं काही खायला घातलं नाही, आठव्यापर्यंत शेतात राबवलं, हे त्या घराला माहीत असायचं. रक्त वाहून गेलेली बाई रक्त मागायला परत येते यात मला चमत्कार काही दिसत नाही. ती उधारी वसूल करायला येते. खिळा हा सावकाराला दार बंद करण्याचा प्रकार आहे.

आता अळवंतीण फारशी ऐकू येत नाही. तिला मांत्रिकाने नाही घालवलं. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे माता दगावण्याचं प्रमाण ३३ होतं, देशाचं ९७. यामागे दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, रक्ताच्या पिशव्या आहेत, १०८ ची गाडी आहे, आणि वाडीवस्तीवर उन्हातान्हात फिरणारी आशाताई आहे. गरोदर बाईला ती लोहाच्या गोळ्या देते. सहा महिने रोज एक, म्हणजे १८० गोळ्या. बाया त्या घेत नाहीत, मळमळतं म्हणतात, डबा फडताळात टाकून देतात. ही पुन्हा येते, डबा काढायला लावते, गोळ्या मोजते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात आजही पुरेसं रक्त नाही. पूर्वी लोखंड उंबऱ्यात ठोकत ते बाई मेल्यावर. आता ते तिच्या पोटात जातं, ती जिवंत असताना. भाचीला हवी असलेली तरुण शिकारी मला विचाराल तर हीच आहे. फक्त तिचं मानधन वेळेवर मिळत नाही आणि कादंबरीत तिला प्रेमात पडायला कोणी दिलेलं नाही.

पण जाखिणीचं काय? तिथे माझं घर येतं.

आमच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा आणखी एक टाक होता. त्यावर लुगडं नेसलेली एक बाई उठवलेली होती. घासून घासून नाक-डोळे गेलेले. लहानपणी मला ती कुठली देवी हे कळायचं नाही. आजी म्हणायची, ‘देवी नाही गं, ती मोठी.’ मोठी म्हणजे आजोबांची पहिली बायको. दुसरं लग्न केलं की पहिलीचा जीव नव्या नवरीच्या मागे लागतो, म्हणून तिचा टाक करायचा. काही घरांत तो देवात बसवत, काही घरांत दुसरीच्या गळ्यात बांधत. आजीच्या गळ्यात बांधला होता. लग्नात ती तेरा वर्षांची होती. बालविवाहबंदीचा शारदा कायदा १९२९ चा, पण तो इंग्रजी मुलखाचा. आमचा अंबड तालुका निजामाच्या राज्यात, इथे तो लागू नव्हता. मंगळसूत्र आणि मेलेली सवत, दोन्ही एकाच दिवशी एकाच गळ्यात पडली.

व्हॅम्पायर चावतो तो गळ्यालाच. आमच्याकडे त्या जागी तिला बांधूनच ठेवत.

भाचीच्या कादंबरीत नायिका रात्री शिकारीला बाहेर पडते. आजीची शिकार तिच्याबरोबर अंथरुणात झोपायची. पहिले काही महिने ती भीतीने झोपली नाही. कूस बदलली की टाक सरकून कानाशी यायचा. सासू दर अमावास्येला मोठीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायला लावायची, आणि आजीच्या हातून काही सांडलं-लवंडलं की म्हणायची, मोठी असती तर असं झालं नसतं. आजी म्हणे, एका रात्री तिला एवढा राग आला, की तिने टाक मुठीत धरून त्या मेलेल्या बाईलाच विचारलं, ‘खरं सांग, तू असताना ही तुला काय म्हणायची?’ उत्तर आलं की नाही ते तिने कधी सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून दोघींचं बोलणं सुरू झालं. आजोबा जमिनीच्या दाव्यासाठी वारंवार औरंगाबादेला जात, आठ-आठ दिवस येत नसत. घरात बोलायला दुसरं कोण होतं? नवं लुगडं आलं की आधी मोठीला दाखवायचं. हळदीकुंकवाचं बोट आधी मोठीला लावायचं. आजोबांना कोणती भाजी आवडत नाही, सासऱ्यांसमोर कुठल्या दारातून जायचं नाही, हे तिला मोठीनेच सांगितलं, असं ती अगदी सरळ सांगायची. मी मोठी झाल्यावर म्हटलं, हे तुला शेजारणींनी सांगितलं असेल. ती म्हणाली, ‘असेल. मला मोठीच्या आवाजात ऐकू आलं.’

मोठी बाळंतपणात गेली होती. त्यामुळे आजीचे दिवस भरत आले तेव्हा सगळं घर तिच्या गळ्याकडे बघायला लागलं. सासूने उंबऱ्यात खिळा ठोकायला माणूस बोलावला. आजीने तो ठोकू दिला नाही. पंधरा वर्षांची पोर, पोट घेऊन दारात आडवी बसली आणि म्हणाली, ती आत आहे, माझ्यापाशी आहे, आता बाहेरून खिळा मारून काय करता? दाई आधीच बोलावून ठेवायला तिनेच लावलं. वेणा सुरू झाल्या तशी तिने टाक मुठीत धरला. ‘तू त्या वाटेने गेलीस, तुला माहिताय ती. मला तिकडे वळू देऊ नकोस,’ एवढंच ती म्हणत राहिली. मूल जगलं, आजीही जगली. तो मुलगा म्हणजे माझे मोठे काका.

आजोबा गेले तेव्हा बायांनी आजीचं मंगळसूत्र काढलं. टाकाला हात घातला तर तिने तो धरून ठेवला. नवरा गेला म्हणून सवत जात नाही, म्हणाली. पुढची कितीतरी वर्षं तो काळ्या दोऱ्यात तसाच होता. शेवटी दोरा तुटायला लागला तेव्हा तिने स्वतःच तो देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज पहिलं फूल त्यालाच घातलं.

माझी कादंबरी सुचली ती अशी, गाडीत. १६२० चं आसनगाव. अंतरपाटामागून उठलेली मुलगी. तिचं पुढे बिजवराशी लग्न होतं, कारण तिला आणखी कोण करणार. गळ्यात मोठीचा टाक येतो. भोवती मोगलांची धाड, मग दुष्काळ, ओस पडलेली गावं, आणि गावात रक्त पिणारी अळवंतीण फिरतेय म्हणून बायांना धरून मारणारा एक देवऋषी. दिवसा नवरा मनसबदाराच्या नोकरीत. रात्री ही आणि तिच्या गळ्यातली मेलेली बाई मिळून गावातल्या एकेका अळवंतिणीला गाठतात, तिचं कोण काय देणं लागतं ते ऐकून घेतात आणि ज्याचं देणं त्याच्या दारात तिला नेऊन उभी करतात. जांबला एकदा एक गोसावी येतो, आईच्या डोळ्यांवरून हात फिरवतो. ही गर्दीत उभी असते आणि त्याला ओळखते. तो काही हिला ओळखत नाही. एवढा एकच प्रसंग समर्थांना.

भाचीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, ‘यात ती मारते कोणाला?’

‘मेलेलीच आहेत ना सगळी.’

‘आणि लव्हस्टोरी?’

‘ती दोघींची.’

‘मावशी, हे कोण छापणार?’ ती हसायला लागली. पण जरा वेळाने तिने विचारलं, ‘तो टाक आहे कुठे आता?’

मी म्हटलं, तुझ्या आईकडे, बहुतेक लोखंडी कपाटात, जुन्या नाण्यांच्या डबीत. तिने तिथूनच आईला फोन लावला आणि टाकाचा फोटो पाठव म्हणाली. ताईला वाटलं पोरीला चांदी मोडायचीय. चांदीचा भाव सध्या चढा आहे, थोडं थांब, एवढं सांगून तिने फोन ठेवला.